टेस्टिंगकाका आणि मधला स्पीकर

टेस्टिंगकाकांचं खरं नाव त्यांच्या दारावरच्या पाटीवर आहे. पण पाटी वाचायला त्यांच्या दारापर्यंत जातंय कोण? लोक फोन करतात आणि काका हजर होतात. पस्तीस वर्षं ते नळांची आणि पंपांची कामं करतायत आणि एवढ्या वर्षांत त्यांनी एकही लाइन टेस्टिंगशिवाय भिंतीआड जाऊ दिलेली नाही. म्हणजे पाइप जोडून झाले, गवंडी सिमेंट कालवून थापी हातात घेऊन उभा राहिला, की काका सगळ्या नळांची तोंडं बुचांनी बंद करणार, हाताचा टेस्टिंग पंप जोडणार आणि लाइनीत रोजच्या दीडपट दाब भरून ठेवणार. मग बारा तास गेजच्या काट्यावर लक्ष. काटा केसभर जरी खाली आला तरी पुन्हा पहिल्या जोडापासून सुरुवात. गवंडी मनातल्या मनात शिव्या घालतो, ठेकेदार हात जोडतो, घरमालक म्हणतो, "काका, आता पुरे की!" काकांचं उत्तर ठरलेलं असतं.

"जे फुटायचं ते आत्ता फुटू दे. माझ्यासमोर."

त्यावरून हे नाव पडलं. त्यांना ते आवडतं, फक्त तसं ते कबूल करत नाहीत.

बाकी माणूस अगदी साधा. उंची बेताची, एक खांदा पाइप वाहून वाहून खाली गेलेला, खिशात टेफ्लॉन टेपची गुंडाळी. पैशाचा विचार ते पंपांत करतात. पंप म्हणजे त्यांच्या लेखी अर्ध्या अश्वशक्तीचा, मधल्या दर्जाचा, नवा कोरा पंप. घरातला फ्रिज दीड पंपाचा, टीव्ही दोन पंपांचा. मुलीचं लग्न किती पंपांना पडलं हे ते जावयासमोरही सांगतात आणि मुलगी कपाळाला हात लावते.

काकू एका शाळेच्या ग्रंथालयात काम करतात. सत्तावीस वर्षं त्यांनी पोरांना एकच धडा शिकवला : इथे हळू बोलायचं. पोरं तो इतका छान शिकली, की आता ती काकूंच्या टेबलापाशी येऊन कुजबुजतात आणि काकूंना त्यातलं अक्षरही कळत नाही. गेल्या वर्षी काकूंनी नवीन नियम काढला. पुस्तक हवं असेल तर नाव चिठ्ठीवर लिहून द्यायचं. मुख्याध्यापिकेने या शिस्तीचं सगळ्या शिक्षकांसमोर कौतुक केलं. काकूंनी ते घरी येऊन सांगितलं तेव्हा काकांनी "वा!" म्हटलं. पण चिठ्ठ्या कशासाठी हे त्यांना बरोबर कळलं होतं.

घरातही तेच चाललं होतं. काका मोरीतून काही बोलले तर काकू "हो, हो" म्हणायच्या आणि भलतीच वस्तू घेऊन यायच्या. समोर बसून बोललं तर ठीक. काकू ओठांकडे बघत बसायच्या. टीव्ही हा पूर्वी दोघांचा रोजचा कार्यक्रम. आठ वाजता जेवण आटोपायचं आणि एक सिनेमा दोन दिवसांत मिळून बघायचा. कोण खोटं बोलतंय, कोणाचं कोणावर प्रेम आहे हे काकू पहिल्या दहा मिनिटांत सांगायच्या आणि काका त्यांच्याशी वाद घालून हरायचे. आता आठ वाजले की काकू स्वयंपाकघरात जाऊन ओटा पुसायच्या. पुसलेला ओटा पुन्हा पुसायच्या. "हल्लीचे सिनेमे मला नाही आवडत," म्हणायच्या. काका बाहेर एकटेच बसायचे. समोर सिनेमा चालू, लक्ष ओट्यावरच्या फडक्याकडे.

मुलीने एकदा फोनवर सरळ विचारलं होतं, "आई, कान दाखवून येतेस का एकदा?" त्यावर काकू अशा भडकल्या की बोलायची सोय नाही. मला काहीही झालेलं नाही, मला म्हातारी ठरवायची घाई झालीय तुला. आठवडाभर मायलेकींचा अबोला. काका मध्ये पडले असते तर त्यांच्याशीही झाला असता. म्हणून ते गप्प बसले. पण गप्प बसणं त्यांना झेपत नव्हतं. पाइपात कुठेतरी पाणी मुरतंय हे कळलेलं असताना भिंत रंगवून मोकळं होणं त्यांच्या स्वभावातच नव्हतं.

असे दिवस चालले असताना सर्जनबाईंच्या फ्लॅटचं काम निघालं. बाई शस्त्रक्रिया करणाऱ्या डॉक्टर, एकट्या राहणाऱ्या, कमी बोलणाऱ्या. न्हाणीघराची सगळी लाइन बदलायची होती. काकांनी दुपारी दाब भरला आणि काटा बघत बसले. संध्याकाळी बाई घरी आल्या, काकांना चहा दिला आणि बाहेरच्या खोलीत सिनेमा लावून बसल्या. काका आत, दोन भिंती मध्ये, आणि तरी त्यांना सिनेमातल्या माणसांचा शब्द न् शब्द ऐकू येत होता. मागून पाऊस, गाड्या, बाजा सगळं चालू होतं. पण बोलणं कसं स्वच्छ, वेगळं काढून ठेवल्यासारखं. काका काटा सोडून उठले. हे त्यांच्या आयुष्यात पहिल्यांदा घडलं असेल.

"मॅडम, हे बोलणं कुठून येतंय?"

बाईंनी टीव्हीखालच्या आडव्या स्पीकरकडे बोट केलं. "त्या मधल्यातून. दोन पुढे, दोन मागे, आणि हा मधला. माणसांचं बोलणं बहुतेक ह्या मधल्यातूनच येतं. हवं तर तेवढंच वाढवता येतं, बाकीचं आहे तसं ठेवून."

"तेवढंच?"

"तेवढंच," बाई म्हणाल्या आणि त्यांनी बटण दाबून दाखवलं. पाऊस होता तिथेच राहिला आणि माणूस जवळ आला.

त्या क्षणापासून काकांच्या डोक्यात मधला स्पीकर बसला. कानांचा विषयच काढायचा नाही. काकूंना काही कळू द्यायचं नाही. आपण नवीन यंत्र आणलं, हौस म्हणून आणलं, एवढंच. काकू परत येऊन शेजारी बसल्या म्हणजे झालं.

नशीबही असं, की चार महिन्यांनी सर्जनबाई दुसऱ्या गावी नोकरीला निघाल्या. सामान बांधताना त्यांनी काकांना बोलावलं. "काका, हे पाच स्पीकर न्याल? याला चालवणारा डबा, म्हणजे रिसीव्हर, जळला. विजेचा दाब वाढला आणि गेला. स्पीकर चांगले आहेत. मला जिथे जायचंय तिथे खोली लहान आहे." काका पैसे विचारायला लागले तर बाई म्हणाल्या, "माझ्या न्हाणीघरात एक थेंब गळला नाही. घेऊन जा."

पाच खोकी घरात आली तेव्हा काकू दारातच उभ्या होत्या.

"हे काय आणलंत?"

"स्पीकर," काका मोठ्याने आणि समोर उभं राहून म्हणाले. तशी आता सवयच झाली होती.

"कशाला?"

"सिनेमाला."

"तुम्हाला कधीपासून एवढं वेड?"

काका कानशिलापर्यंत लाल झाले. काकूंना वाटलं वय झालं की माणसाला अशी खुळं लागतात, आणि त्यांनी खोकी कॉटखाली सरकवून दिली.

आता डबा घ्यायचा होता. काकांनी मनाशी ठरवलं : एक पंप. त्याच्यावर एक वायसरही नाही. ते शनिवारी मोठ्या दुकानात गेले. तिथे गारेगार हवा, गुळगुळीत फरशी, आणि गळ्यात टाय बांधलेला एक विक्रेता, जो श्वास घ्यायलाही थांबत नव्हता. नऊ चॅनल, सर, छतातून आवाज, सर, फोनवरून चालतो, सर. किंमत अडीच पंप. काकांनी मान हलवली. दोन पंप. काकांनी पुन्हा मान हलवली. शेवटी विक्रेत्याने नाइलाजाने खालच्या फळीवरचा एक काळा डबा दाखवला. एका पंपाला अगदी चिकटून किंमत.

काकांनी तो हातात घेतला, उलटा केला आणि चष्मा कपाळावर चढवून पाठीवरची पट्टी वाचायला लागले. पंप घेतानाही ते आधी पाटी वाचतात. बारीक अक्षरांत लिहिलं होतं : सहा ते सोळा ओहम. काकांनी खिशातून कागद काढला. स्पीकरच्या पाठीवरचं सगळं ते उतरवून घेऊन आले होते. तिथे होतं चार.

"हे चार, आणि याच्यावर सहापासून. जमेल का?"

"काका, चालतं हो. इतकं कोण बघतं?"

विक्रेत्याच्या जिभेवरून एवढं वाक्य गेलं आणि त्याचा सौदा गेला. 'इतकं कोण बघतं' असं म्हणणाऱ्या माणसाकडून काकांनी आजवर साधा बोल्टही घेतलेला नव्हता. त्यांनी डबा जागच्या जागी ठेवला, आभार मानले आणि बाहेर पडले. बाहेर आल्यावर मात्र त्यांना स्वतःचाच राग आला. त्यांना नीट ठाऊक होतं, की आपल्याला ओहममधलं ओ की ठो कळत नाही. उगाच एका आकड्यासाठी आपण हातातली वस्तू सोडून आलो की काय?

दोन गल्ल्या पलीकडे जुन्या रेडिओ-टेपांच्या दुरुस्तीचं एक दुकान होतं. खोली एवढी अरुंद, की गिऱ्हाईक आत गेलं तर दुसऱ्याने बाहेर थांबायचं. दुकान चालवणाऱ्या बाई काकांच्याच वयाच्या. कपाळावर भिंगाचा पट्टा, हातात डाग द्यायचा कावीया, समोर उघडून ठेवलेलं काहीतरी. गल्लीत त्यांना रेडिओवाल्या ताई म्हणतात. काकांनी कागद पुढे केला.

"पाचही चार ओहमचे?" ताईंनी विचारलं.

"पाचही. पण ताई, मला एक सांगा. ओहम म्हणजे अडथळाच ना? मग अडथळा कमी असेल तर डब्याचं काम सोपंच झालं की. दुकानातला म्हणाला चालतं. मला पटलं नाही, पण का पटलं नाही तेही सांगता येईना."

"तुम्ही काय काम करता, भाऊ?"

"नळाचं. पंपांचं."

ताईंनी कावीया खाली ठेवला. "मग तुम्हीच सांगा. पंप चालू आहे, पुढची लाइन सताड उघडी, पाणी वर चढवायचं नाहीच. काय होतं?"

"पाणी बदाबदा येतं."

"आणि मोटरचं?"

काकांनी तोंड उघडलं आणि मध्येच थांबले. "मोटर जास्त करंट ओढते. तापते. फार वेळ चालवली तर ट्रिप होते, नाहीतर जळते. म्हणून तर आम्ही पुढचा वॉल्व थोडा आवळून ठेवतो."

"मग?"

"मग चार ओहम म्हणजे उघडा वॉल्व!" काका इतक्या जोरात म्हणाले, की रस्त्यावरचा माणूस वळून बघायला लागला. "आणि तो दुकानातला डबा म्हणजे बारकी मोटर!"

"झालं," ताई म्हणाल्या. "आता तुम्हाला कोणी फसवू शकत नाही."

काकांना एवढं हायसं वाटलं, की ते स्टुलावर बसलेच. आपण मूर्ख नव्हतो. डबा सोडून आलो ते बरोबरच केलं.

ताईंनी मागच्या फळीवरून एक जुना डबा दोन्ही हातांनी ओढून आणला. पाचच चॅनल, पंधरा वर्षांचं वय, समोर जाडजूड गोल बटण. "याच्यातून नव्या टीव्हीचं चित्र जाणार नाही. जायची गरजही नाही. चित्र टीव्हीत राहू द्या, आवाज तेवढा या बारीक वायरीने इकडे आणा. छताचे आवाज नाहीत, फोन नाही, काही नाही. पण पाठ वाचा."

काकांनी पाठ वाचली. चार ते सोळा ओहम.

"आता उचलून बघा."

काकांनी उचलला आणि त्यांच्या तोंडून "अरे वा!" निघून गेलं. आतल्या ट्रान्सफॉर्मरचं वजन त्यांच्या हाताला कळलं. तांबं कमी घातलेली मोटर आणि भरपूर घातलेली मोटर ते डोळे मिटून ओळखतात. किंमत निघाली पाऊण पंप. एवढं सगळं झाल्यावर त्यांनी खरा प्रश्न विचारला, तोही वायरीशी चाळा करत.

"याच्यात मधला एकटा वाढवता येतो ना?"

ताईंनी त्यांच्याकडे नीट बघितलं. "घरात कोणाला कमी ऐकू येतं?"

काका पकडले गेले. दीड वर्षात ही गोष्ट त्यांनी कोणालाही सांगितली नव्हती, सख्ख्या मुलीलाही नाही.

"बायकोला," ते म्हणाले. "पण मला ते माहीत आहे हे तिला माहीत नाही."

ताईंनी पुढे काही विचारलं नाही. मधला वाढवायचं बटण कुठे आहे ते दोनदा दाखवलं, कागदावर आपला फोन नंबर लिहून दिला आणि सांगितलं, "काही झालं तर आधी मला विचारा. स्वतः उघडायचा नाही."

पुढच्या शनिवारी काकूंची अर्ध्या दिवसाची शाळा होती. त्या सकाळी बाहेर पडल्या आणि काकांनी खोकी काढली. पुढचे दोन, मागचे दोन, मधला टीव्हीखाली. वायरी भिंतीच्या कडेने अशा नेल्या की बघत राहावं; प्रत्येक वळणाला क्लिप, प्रत्येक टोकाला खूण. पहिला आवाज आला तेव्हा ते खुर्चीत बसून राहिले. माणसं खरंच मधल्यातून बोलत होती. मधला सहा खाचा वाढवला तर ती थेट समोर येऊन बसली. एखादा शहाणा माणूस इथेच थांबला असता.

पण आपल्या काकांना टेस्टिंग केल्याशिवाय झोप कुठली लागायला? रोजचा दाब किती हे त्यांना अजून ठाऊक नव्हतं, तेव्हा त्याची दीडपट किती हेही कळायला मार्ग नव्हता. म्हणून त्यांनी सरळ जास्तीत जास्त धरला. समुद्रातल्या वादळाचा एक सिनेमा लावला, गोल बटण शेवटपर्यंत फिरवलं, कानांत कापसाचे बोळे घातले आणि घड्याळ लावून समोर बसले. तासभर. जे फुटायचं ते आत्ता फुटू दे.

कपाटातली भांडी नाचायला लागली. वरच्या मजल्यावरचे निवृत्त पोस्टमास्तर पायजम्यावर खाली आले आणि दार वाजवून वाजवून थकले. काकांना कापसामुळे ते ऐकूच गेलं नाही. अकराव्या मिनिटाला डब्यात 'खट्' झालं. वादळ थांबलं. समोरचा दिवा लाल होऊन उघडझाप करायला लागला. काकांनी बटण खाली आणलं, दाबलं, पुन्हा दाबलं. काही नाही. डब्याला हात लावला तर चटका बसेल एवढा तापलेला, आणि धूळ भाजल्यासारखा वास.

पस्तीस वर्षांत टेस्टिंगने कितीतरी जोड फुटले होते, पण ते दुसऱ्यांचे चुकलेले जोड होते. इथे सगळं नीट होतं आणि ते त्यांनी स्वतः फोडलं होतं. पाऊण पंप पाण्यात गेलाच; पण त्याचं त्यांना फार दुःख नव्हतं. पुन्हा पैसे साठवून दुसरा डबा आणायला आता वर्ष लागलं असतं, आणि तोवर काकू ओटा पुसत राहिल्या असत्या. वर्षभरात ऐकणं आणखी किती कमी झालं असतं कोण जाणे. त्यांनी ताईंना फोन लावला.

"ताई, गेला. डबा गेला."

"काय करत होता?"

"सिनेमा लावला होता."

"आवाज किती होता?"

काकांनी फोन दुसऱ्या कानाला लावला.

"भाऊ, आवाज किती होता?"

"पूर्ण."

"पूर्ण? पाची स्पीकरवर? कशाला?"

"टेस्टिंग," काका म्हणाले. हा शब्द त्यांच्या तोंडून इतका बारीक आवाजात कधीच निघाला नव्हता.

पलीकडून हसणं ऐकू आलं. ताई एवढ्या हसल्या, की त्यांना फोन बाजूला ठेवून पाणी प्यावं लागलं. "अहो, तुमच्या पंपाच्या पॅनेलमध्ये ओव्हरलोड रिले असतो ना? मोटर जळायच्या आधी खट्कन बंद करतो तो?"

"असतो."

"तसाच याच्यात आहे. मीच मागच्या महिन्यात नवा बसवलाय. डबा जळला नाही, त्याने स्वतःला वाचवलंय. तुमच्यापासून. प्लग काढा आणि अर्धा तास त्याच्याकडे बघूही नका. तेवढ्यात स्पीकरच्या वायरींची टोकं तपासा, तारेचा एखादा केस शेजारच्या टोकाला टेकलाय का ते. आणि ते बटण निम्म्याच्या पुढे गेलेलं मला कळलं, तर डबा परत घेऊन जाईन."

काकांनी टोकं तपासली. एकही केस बाहेर नव्हता, तेवढाच त्यांचा मान राहिला. पोस्टमास्तरांना आत बोलावून त्यांची माफी मागितली, त्यांना चहा करून दिला. पोस्टमास्तरांनी चहा घेतला आणि वादळात शेवटी जहाज वाचतं का असं विचारलं. अर्ध्या तासाऐवजी काकांनी पाऊण तास दिला. मग प्लग लावला, देवाचं नाव घेतलं आणि बटण दाबलं. चार सेकंद काहीच झालं नाही. मग हळूच 'खट्' झालं, दिवा हिरवा झाला, आणि मधल्या स्पीकरमधून कोणीतरी म्हणालं की किनारा दिसतोय. काकांचा जीव भांड्यात पडला. पोस्टमास्तरांनी टाळ्या वाजवल्या.

संध्याकाळी आठ वाजता काकूंनी फडकं उचललं आणि काकांनी सिनेमा लावला. मुद्दाम घरगुती निवडला होता, ज्यात माणसं मारामारी करत नाहीत, नुसती बोलतात. आवाज बेताचा. मधला सहा खाचा वर. काकूंना बोलावलं मात्र नाही. बोलावलं असतं तर त्या आल्या नसत्या.

दहा मिनिटांनी काकू दारात उभ्या राहिल्या. हातात ओलं फडकं.

"काय बघताय?"

"बघतोय असंच."

काकू उभ्याच राहिल्या. मग दाराला टेकल्या. मग खुर्चीच्या कडेवर, निघायचंच आहे अशा बेताने बसल्या. फडकं मांडीवर. थोड्या वेळाने म्हणाल्या, "ही धाकटी बहीण खोटं बोलतेय." वाद घालायचीही काकांना भीती वाटली.

सिनेमात एक प्रसंग होता. म्हातारा बाप खिडकीपाशी उभा राहून, रस्त्याकडे बघत, मुलीशी बोलतो. पडद्यावर त्याची पाठ तेवढी दिसते. तो म्हणतो, की तू परत आलीस ते बरं झालं, मला एकट्याला हे घर मोठं पडत होतं. काकूंनी झटकन काकांकडे बघितलं.

"त्याचं तोंड तिकडे आहे," त्या म्हणाल्या.

"हो."

"तरी मला कळलं तो काय म्हणाला ते."

काकूंनी फडक्याची घडी घातली, मोडली, पुन्हा घातली. मग त्यांनी विचारलं, "तुम्ही याचं काहीतरी वाढवलंय का?"

खोटं बोलायची हीच वेळ होती आणि काकांनी ते आठवडाभर घोकून ठेवलं होतं. यंत्रच तसं आहे, नवीन पद्धत आहे, वगैरे. पण काकू त्यांच्या ओठांकडे बघत होत्या. काकांना ते जमलं नाही.

"मधला वाढवलाय. बोलण्याचा."

"आधी होता तसा करा."

"अगं, राहू दे ना. चाललंय छान."

"करा म्हणते ना."

काकांनी बटण दाबलं. एक खाच, दोन, सहा. काकू पुढे वाकून बसल्या. पडद्यावर बाप आणि मुलगी आता जेवणाच्या टेबलाशी पाठमोरी बसली होती. खोलीत बाजा वाजत होता, खिडकीबाहेर गाड्या होत्या.

"आता ते बोलतायत का?" काकूंनी विचारलं.

"बोलतायत."

"सगळं?"

"सगळं."

काकू टीव्हीकडेच बघत बसल्या. काकांना वाटलं आता भडकणार, आता फडकं घेऊन उठणार, आता आपल्याशीही आठवडाभर बोलणार नाही. आपण उगाच हा उपद्व्याप केला. त्यांनी घाईने सिनेमा थांबवला.

"अहो," काकू म्हणाल्या, "तुम्हाला ठाऊक होतं?"

"होतं."

"किती दिवस?"

"दीड वर्ष झालं असेल."

"मला दोन झाली," काकू म्हणाल्या. आणि त्यांच्या डोळ्यांतून घळघळा पाणी यायला लागलं. "शाळेत पोरं काय म्हणतात ते मला कळत नाही हो. मला वाटायचं, कोणाला कळलं तर मला घरी बसवतील. घरी तुम्हाला कळलं तर तुम्ही मुलीला सांगाल. रोज सकाळी उठले की आज कोणापुढे काय चुकेल याचीच धास्ती. दमले मी."

काकांनी खुर्ची ओढून त्यांच्यापुढे आणली. त्यांना वाईट वाटायला हवं होतं आणि वाटतही होतं. पण त्याहून जास्त सुटल्यासारखं वाटत होतं, आणि त्याची त्यांना लाजही वाटली नाही. दोन माणसं एकाच घरात एकच गोष्ट एकमेकांपासून लपवत बसली होती, दोघांचीही पाठ मोडायला आली होती. आता ओझं खाली ठेवता येणार होतं.

"उद्या रविवार," काकू नाक पुसत म्हणाल्या. "सोमवारची वेळ मिळते का बघा कानाच्या डॉक्टरची. मुलीला मी सांगते. तुम्ही नका सांगू, ती तुमच्यावरच ओरडेल."

"बघतो."

"मशीन लावायला लागलं तर लावेन. पोरं हसली तर हसू देत. हळू हसायचं, एवढं सांगेन त्यांना."

काकांना हसू आलं आणि रडूही आलं, आणि ते लपवायला त्यांनी तोंड वळवून, वायरी आवरता आवरता, पुटपुटल्यासारखं म्हटलं, "माझेही कान तपासून घेऊ त्याच दिवशी. आपण बरोबरच जाऊ."

"काय म्हणालात?" काकूंनी विचारलं. "मला ऐकू नाही आलं."

दोन वर्षांत हे वाक्य काकूंनी पहिल्यांदा उच्चारलं होतं. काकांच्या हातातली वायर तशीच राहिली. ते वळले, काकूंच्या समोर येऊन बसले आणि सगळं पुन्हा, मोठ्याने, सावकाश सांगितलं.